कॅप्टन कुठल्या गावची?

“कुणीही जागचं हलायचं नाही!”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सायकलवर होतो. शिक्षिकांच्या महाविद्यालयामागच्या लाल मातीच्या वाटेनं चाललो होतो, आणि सभागृहाच्या उघड्या खिडकीतून तो आवाज आला. मी हललो नाही. सायकलवरचा माणूस हलायचा थांबला की काय होतं, ते मला शेजारच्या निवडुंगाच्या कुंपणात गेल्यावर समजलं. आत नाटकाची तालीम चालली होती. राजाच्या कामाला तिथं मुलगा कुठून मिळणार, म्हणून उंच मुलगी उभी केली होती. तिनं खिडकीतून डोकं काढून पाहिलं आणि त्याच आवाजात विचारलं, “काटे काढायला कुणी आहे का तुम्हांला?” नव्हतं. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

त्या आवाजाची मालकीण कानेंग. लग्नानंतर राजाचा आवाज प्राथमिक शाळेच्या तिसरीच्या वर्गात पाढे म्हणवून घेऊ लागला आणि उरलेला वेळ माझ्यावर खर्च होऊ लागला. मला नेहमी वाईट वाटायचं. डोंगरातून धो धो येणारं पाणी नळाला जोडून आपण त्यात भांडी घासतोय असं काहीतरी.

मी जोस शहराच्या टेलिव्हिजन केंद्रात नाट्यविभागाचा कारकून. विभागात कारकून होता, कपाट होतं, नाट्य तेवढं नव्हतं. म्हणून मीच एक मालिका लिहायला घेतली. अवकाशयानाची. आता अवकाशच का, असं कुणी विचारील. त्याचं कारण बटाटे. मी इदोमा जमातीचा. आमचं मूळ गाव दक्षिणेला ओतुक्पोकडे. इतकी वर्षं जोसमध्ये राहतोय, पण बाजारात बटाट्याचा वाटा उचलला की बाई अजून विचारते, “कुठले म्हणायचे तुम्ही?” दवाखान्यात खोकलो की डॉक्टर आधी गाव विचारतो, मग खोकला. मला वाटलं, पृथ्वी सोडून पुरेसं वर गेलं की हा प्रश्न मागे पडत असेल. तिथं हवा विरळ असते. प्रश्नही विरळ होत असतील.

यानात पाच माणसं घातली: कॅप्टन, डॉक्टर, यंत्रज्ञ, स्वयंपाकी आणि दारावरचा पहारेकरी. मुद्दाम कुणालाच नाव दिलं नाही. संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर लिहायचो आणि कानेंग चुलीपाशी उभी राहून कॅप्टनचे संवाद मोठ्यानं वाचून दाखवायची. ती “इंजिन बंद करा!” म्हणाली की शेजारचे अल्हाजी इलियासू आपलं शिवणयंत्र थांबवायचे. कॅप्टन कोण होणार हे मी लिहिलं नव्हतं, ते ऐकू येत होतं.

“कॅप्टन तूच,” मी तिला सांगितलं.

“मी? मला काय करायचंय,” ती इस्त्री फिरवत म्हणाली. “तिसरीच्या वह्या तपासायच्यात.”

दुसऱ्या सकाळपासून ती मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला लागली. घसा दुखतोय का, विचारलं तर म्हणाली, थंडी पडलीय.

इथवर सगळं ठीक होतं. मग मला दुर्बुद्धी झाली आणि मी ते लिखाण शेजाऱ्यांना वाचून दाखवलं.

आमचं आवार म्हणजे मधे एक नळ आणि भोवती चार बिऱ्हाडं. कापड विकणाऱ्या मादाम ओबियागेली, पूर्वेकडच्या इग्बो. शिंपी अल्हाजी इलियासू, उत्तरेकडचे हौसा. विम्याचे एजंट मिस्टर फॅडायरो, पश्चिमेचे योरुबा. आणि आम्ही: मी, कानेंग आणि आमचा मुलगा आमे. सगळे नळापाशी बाकं टाकून बसले. मादामनी शेंगदाणे भाजून आणले. मी वाचलं. बराच वेळ शेंगदाणे फोडल्याचाच आवाज येत होता.

“छान आहे हो,” मादाम म्हणाल्या. “एकच विचारते, आमेचे बाबा. हा स्वयंपाकी. हा यानात बिस्किटं विकतो.”

“विकतो नाही, मादाम, वाटतो.”

“हिशोब ठेवून वाटतो. कोण आहे हे काय मला कळत नाही? चंद्रावर गेलो तरी इग्बो माणसानं दुकानच काढायचं का?”

“पण मी त्याला गावच दिलेलं नाही!”

“तुम्ही नाही दिलंत. त्यानं काउंटर लावलाय, त्यावरून सगळ्यांना दिसेल.”

अल्हाजींनी दोऱ्याचं रीळ खिशात टाकलं आणि ते खाकरले. “मालम,” ते मला ‘गुरुजी’ अशा अर्थानं आदरानं म्हणाले, “मला काही म्हणायचं नाही. पण दारावरचा पहारेकरी रात्रभर चटईवर बसतो. जोसमध्ये आमची माणसं दारं राखतात, काडुनात राखतात, लागोसात राखतात. आता अवकाशातही आम्हीच? तिथं चोर येतो तरी कुठून?”

“आणि डॉक्टर फार बोलतो,” फॅडायरो म्हणाले. मग ते स्वतः बराच वेळ बोलले. डॉक्टर योरुबा आहे हे कुणाच्याही लक्षात येईल, योरुबा माणसाला शिकलेला दाखवलं ही चांगली गोष्ट, पण शिकलेल्या माणसाची चेष्टा करणं ही या देशाची जुनी खोड, वगैरे वगैरे. त्यांचं संपेतो वीज जाऊन परत आली.

माझ्या कथेत यानातलं पाणी चोरीला जात होतं. चोर कोण, यावर तर बाकं सरकली. मी लगेच चोर काढून टाकला आणि टाकी आपोआप गळते असं केलं. तेव्हा फॅडायरो म्हणाले, टाकी गळली म्हणजे यंत्रज्ञाचा दोष, तो कुठला? मी टाकी दुरुस्त केली. आता यानात कुणी वाईट नव्हतं, कुणी मरत नव्हतं, काही गळत नव्हतं. पाच सज्जन एका डब्यात बसून काळोखातून चालले होते. नाट्य म्हणून त्यात काही उरलं नव्हतं, पण आवारात पुन्हा एकमेकांना शेंगदाणे दिले जाऊ लागले.

“कॅप्टनचं काय?” मी भीत भीत विचारलं.

“कॅप्टनला काही बोलायचं नाही,” मादाम म्हणाल्या. “कॅप्टन म्हणजे आमेची आई. आमच्या घरातली भांडीसुद्धा तिचं ऐकतात.”

कानेंग नळाखाली बादली लावत होती. तिनं मान वर केली नाही. पण बादली भरून वाहायला लागली तरी नळ तिनं बंद केला नाही.

हे लिखाण घेऊन मी केंद्राचे व्यवस्थापक त्सादोसाहेब यांच्याकडे गेलो. साहेब न्यूपे, नदीकाठच्या उष्ण मुलखातले, त्यामुळे जोसच्या थंडीत दोन स्वेटर घालून गरम पाणी पीत बसायचे. माणूस मऊ. कुणालाही ‘नाही’ म्हणायचे नाहीत. ‘नाही’ म्हणायला त्यांच्याकडे नियम होते.

“मिस्टर अडाकोले, हे यान कुणाचं?”

“माणसांचं, साहेब.”

“कुठल्या?”

“सगळ्याच.”

“सगळ्या म्हणजे एकोणीस राज्यांच्या,” साहेब दुःखानं म्हणाले. “आपल्या घटनेत लिहिलंय, सरकारी कामात देशाचा समतोल दिसायला हवा. तुमच्या यानात पाचच माणसं. उद्या चौदा राज्यं मला विचारतील, आम्हांला पृथ्वीवर का सोडलं?”

मी एकोणीस माणसं यानात बसवून पाहिली. अवकाशयान उरलं नाही, आठवडी बाजाराची गाडी झाली. कुणाची मांडी कुणाच्या मांडीवर. शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. देशाचे चार कोपरे आणि हे आपलं प्लॅटू राज्य, म्हणजे पाच जागा. “आणि केंद्र प्लॅटूत आहे, तेव्हा कॅप्टन प्लॅटूचा हवा. तुमची पत्नी बेरोम ना? मग ती इथलीच. बेरोमांहून इथलं कोण आहे? फक्त तालुक्याच्या कचेरीतून मूळ रहिवासी असल्याचा दाखला आणा.”

मी घरी धावत गेलो. त्या संध्याकाळी कानेंगनं कुटलेलं कोनफळ केलं. ते आमच्याकडे पाहुणे आले की होतं. पाहुणे कुठं होते? कॅप्टन घरी आली होती, एवढंच.

कानेंगच्या माहेरच्या तालुक्याची, बार्किन लादीची कचेरी म्हणजे एक लांब ओसरी आणि तिच्या टोकाला एक सचिव. कानेंगनं वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. सचिवाचे डोळे भरून आले. “अरेरे, दावूची नात! तुझ्या आजोबांनी मला पहिला घोडा दाखवला, ग.” मग त्यानं डोळे पुसले. “लग्न झालंय?”

“झालंय.”

“कुणाशी?”

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी हसलो. हसायला नको होतं.

“हे इदोमा दिसतात,” सचिव म्हणाला. “मग तू आता त्यांची. बाई लग्न करून गेली की नवऱ्याच्या गावची. तुझा दाखला ओतुक्पोला.”

“मी इथंच जन्मले, काका. हे समोरचं टेकाड माझ्या बापाच्या शेतात आहे.”

“टेकाड आमच्याकडे आहे, बेटी. तू नाहीस.”

ओसरीखाली दोन बाया जात्यावर आचा नावाचं बारीक धान्य दळत बसल्या होत्या. हे सगळं त्यांनी ऐकलं असावं, कारण जात्यावरचं गाणं त्यांनी मधेच बदललं:

*बापाच्या गं दारी, मी तर पाहुणी,*
*नवऱ्याच्या दारी, परक्याची लेक;*
*मधल्या वाटेला, एकच बाभूळ,*
*तिच्या सावलीत, जिवा घडीभर टेक.*

परत येताना कानेंग गाडीच्या खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, “ओतुक्पोत माझी माणसं आहेत. तिथं होईल.” ती म्हणाली, “उगाच कशाला. मुलांच्या परीक्षा आल्यात.” तरी ओतुक्पोला जायच्या दिवशी ती माझ्याआधी तयार होऊन दारात उभी होती.

ओतुक्पोला आमचं फार उत्तम स्वागत झालं. इतकं उत्तम स्वागत झालं की मला तिथंच शंका आली. सचिव माझ्या चुलत्याचा मित्र. त्यांनी ओकोहोचं बुळबुळीत कालवण आणि कोनफळाचा डोंगर समोर ठेवला, कानेंगला “आमची सूनबाई, आमची सूनबाई” म्हणत स्वतः वाढलं. हात धुतल्यावर ते म्हणाले, “दाखला मात्र नाही हं. सून आमची, पण मूळ तिचं तिकडचं. वडिलांची कबर कुठं आहे? दाखला तिथला.”

“तिथले म्हणतात, इथला.”

“मग ते चुकतात,” सचिव प्रेमानं म्हणाले. “आणि आपल्या बेन्यू राज्याची जागा तरी उरलीय कुठं, बाबा? लेखक तूच ना? म्हणजे आपला वाटा तू घेतलास.”

म्हणजे माझ्या बायकोची वाट मीच अडवून बसलो होतो! माणसाला स्वतःच्या बायकोच्या वाटेत यायची अनेक निमित्तं मिळतात. देशाच्या घटनेमार्फत मात्र फार थोड्यांना मिळत असेल.

मी त्सादोसाहेबांपुढे जाऊन उभा राहिलो आणि हुतात्म्याच्या आवाजात म्हणालो, “साहेब, माझं लेखक म्हणून नाव काढून टाका. बेन्यूचा वाटा मोकळा करा. तो तिला द्या.”

साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी माझं नाव तिथल्या तिथं खोडलं. मग गरम पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, “पण दाखल्याशिवाय ती बेन्यूची तरी कशी होणार?” मी म्हटलं, मग माझं नाव परत लिहा. त्यावर ते फार खिन्न झाले. एकदा मोकळी झालेली जागा जाहीर करावी लागते, अर्ज मागवावे लागतात. अखेरीस लेखक म्हणून समुद्रकाठच्या एका राज्यातल्या गृहस्थांचं नाव लागलं. त्यांनी मालिका वाचली नव्हती. भेटले तेव्हा मला म्हणाले, फार सुरेख लिहून झालंय. माझं नाव शेवटच्या पाटीवर आलं: चहापान व्यवस्था.

कॅप्टनचा प्रश्न राहिलाच. प्लॅटूच्या दाखल्याचं कुणी मिळालं, तर ते मूळ बेरोम की मूळ आणखी कुणी यावर केंद्रात दोन तट पडले. तेव्हा साहेबांनी जाहीर केलं की कॅप्टनपद फिरतं ठेवू. प्रत्येक कोपऱ्याला पाळी. अर्ध्या तासाच्या एका भागात चार कॅप्टन! नटांना द्यायला केंद्राकडे काही नव्हतं, म्हणून बिनमोबदला काम करायला तयार आणि दाखला खिशात असलेली माणसं शोधण्यात आली. ती आमच्या आवारात सापडली. मादाम ओबियागेली पहिल्या कॅप्टन. मग अल्हाजी इलियासू. मग मधल्या मुलखालाही कोपरा मानून स्वतः त्सादोसाहेब, दोन स्वेटरांसकट. शेवटी फॅडायरो. नळावर पाणी भरायला येणारा प्रत्येक माणूस कॅप्टन झाला. नळ बांधणाऱ्याला तेवढं विचारलं नव्हतं. आणि माझ्या घरात जी गुळण्या करत होती, तिलाही नव्हतं विचारलं.

मादाम मनानं मोठ्या. त्या रडवेल्या होऊन आमच्याकडे आल्या. “आमेची आई, मी नाही म्हणून सांगते. मला ते ‘इंजिन बंद करा’ म्हणताच येत नाही. मी म्हटलं की इंजिन जास्तच जोरात सुरू होईल असं वाटतं.”

“करा हो,” कानेंग म्हणाली. “पोटातून म्हणा. असं.” आणि तिनं म्हणून दाखवलं. पलीकडे शिवणयंत्र थांबलं.

तिनं चौघांनाही शिकवलं. चार कॅप्टनना, ओट्यावर उभं राहून, एकाच जागी श्वास कसा घ्यायचा ते. मी दाराआडून बघत होतो आणि मला निवडुंगाचे काटे पुन्हा टोचत होते. रात्री मी विचारलं, “तुला वाईट वाटलं का?” ती म्हणाली, “आमेचा सदरा उसवलाय, सुईदोरा द्या.”

मी शेवटचा प्रयत्न केला. साहेबांना म्हटलं, गोष्टीत काहीच होत नाही, निदान शेवटी एक परग्रहवासी येऊ दे. साहेबांनी विचार केला. परग्रहाचं राज्य नाही, त्यामुळे वाटा नाही, त्यामुळे दाखला नाही. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. “घ्या तुमच्या पत्नीला! फक्त चेहरा झाकलेला ठेवा. आणि बोलू देऊ नका. बोलली की कुठली ते कळेल. तिनं नुसतं ‘बीप’ म्हणावं.”

हे घरी कसं सांगायचं ते मला दिवसभर सुचलं नाही. सांगितलं तेव्हा कानेंगनं हातातली वही मिटली. मग अल्हाजींच्या यंत्रावर बसून तिनं कोनफळांच्या पोत्यांचा झगा शिवला, त्याला रुपेरी रंग दिला, आणि वाफवायच्या मोठ्या अॅल्युमिनियमच्या भांड्याला डोळ्यांपुरती भोकं पाडून डोक्यावर घालून बघितलं. “आत बरं ऊबदार आहे,” आतून आवाज आला.

चित्रीकरणाच्या दिवशी केंद्राची मोठी खोली पत्र्यांनी मढवली होती. मधोमध कॅप्टनसाठी न्हाव्याच्या दुकानातली फिरती खुर्ची. टेप एकच होती, आणि कॅमेरा दुपारी पुलाच्या उद्घाटनाला जायचा होता. चुकलं तरी थांबायचं नाही, असं ठरलं.

मादामनी इंजिन बंद करायला सांगितलं आणि ओशाळून हसल्या. अल्हाजींनी खुर्चीवर बसण्याआधी सवयीप्रमाणे तिचं कापड चाचपून पाहिलं. त्सादोसाहेबांच्या पाळीला यान कुठं चाललंय हे साहेब विसरले, त्यांनी सर्व राज्यांचे आभार मानले आणि उतरले. प्रत्येक वेळी खुर्ची फिरून रिकामी व्हायची, आणि पत्र्याआड उभं असलेलं ते रुपेरी भांडं किंचित तिच्याकडे वळायचं. मी कोपऱ्यात चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. तेवढी माझ्या हक्काची जागा होती.

शेवटी फॅडायरो खुर्चीत बसले. पत्र्याचं दार बाजूला झालं आणि परग्रहवासी आत आला. पोत्यांचा झगा जमिनीला घासत, सावकाश, राजा चालतो तसा.

“हे परग्रहवासी!” फॅडायरो गरजले. त्यांना हे एवढंच पाठ होतं, पण उत्तम पाठ होतं. “तुम्ही इतक्या लांबून आलात. सांगा, तुम्हांला आमच्याकडून काय हवं आहे?”

इथं ‘बीप’ होतं.

बीप आलं नाही. कॅमेऱ्यामागच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे, साहेबांनी हातातल्या गरम पाण्याकडे. फॅडायरोंनी पुन्हा विचारलं, या वेळी त्यांच्या नेहमीच्या घरगुती आवाजात, “काय हवंय, आमेची आई?”

तिनं दोन्ही हातांनी डोक्यावरचं भांडं उचललं आणि काखेत धरलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते. मग त्या आवाजात, ज्याच्यासाठी मी एकदा सायकलवरून पडलो होतो, ती म्हणाली, “ही खुर्ची. मला कॅप्टन व्हायचं होतं. अजूनही व्हायचंय.”